पायगिटार

सात कॅसेटी आहेत माझ्याजवळ.
आठवीवर वहिनीनं पोराचं बारसं भरून टाकलं,
तो पोट्टा आता तलाठी झाला,
तरी त्याच्या पाळण्याखालून
दोन सेकंद मनिराम दोनाडकर ऐकू येतो.

मनिराम शिंपी. राहणार मुरमाडी.
दिवसा ब्लाउज, शाळेच्या खाकी चड्ड्या,
आणि दिवाळी सरून मंडया सुरू झाल्या की
रात्री नाटकात गिटार.
टेबलावर आडवी,
खाली शिलाई मशीनचं पायडल,
पायडलपासून तारांपर्यंत सायकलच्या ब्रेकच्या केबल.
डाव्या हातात ट्रकच्या बेअरिंगमधला रूळ.
पाय दाबला की सूर वाकायचा
जशी धानाची लोंब वाकते.
तशी नाही. लोंब पुन्हा उठत नाही.
मासा सुटल्यावर गळाची काठी उठते ना, तसा.

याला पेडल स्टील म्हणतात, हे फार उशिरा
मिलिटरीतून परतलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं.
आमच्याकडे पायगिटार.

नवरगावची टेप चांगली, पण तिच्यात जनरेटर फार.
लाखांदूरच्या टेपेत दुसऱ्या अंकात नायिका रडते
आणि मागून पायगिटार अशी रडते
की तणसावर बसलेलं कुणीतरी ओरडतं,
"बाई, तू थांब वं, त्याले रडू दे!"
मग हशा. मग मध्येच पुकारा:
चुनारकर यांचा मुलगा स्टेजजवळ सापडला आहे,
लाल स्वेटर, नाव सांगत नाही.
शंभरदा ऐकलं असेल,
दरवेळी मला हायसं वाटतं.

एकदा नागपूरला स्टुडिओतही वाजवलं त्यानं.
स्वच्छ आहे ते रेकॉर्डिंग.
मी ऐकत नाही.
त्यात कुणालाच थंडी वाजत नाही.

सगळ्यात वरची, टेप चार, बाजू ब.
आरमोरीकडचं गाव, कव्हरावरचं नाव पुसलंय.
तिसरा अंक. रात्रीचे तीन असतील.
लाइट जाते.
माइक जातो, ऑर्गन जातो, राजाचा संवाद अर्धाच राहतो.
माझा टेपरेकॉर्डर सेलवर.
खोकला, काडी ओढल्याचा आवाज, लांब कुठं कुत्रं,
आणि मग उघड्या तारा.
टाचणीएवढा सूर,
त्याच्याखाली पायडलची कर्र, कर्र.
कुणी न सांगता मैदान गप्प होत जातं.
आणि तिथं, पंचमावर जाता जाता
तो केसभर खालीच थांबतो.
पोचत नाही.
एकवीस वर्षं त्या एका सुरासाठी
मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो.
लोकांना सांगितलं, हे सुचायला जन्म लागतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याची मुलगी आली, कुंदा,
चार्जर घ्यायला.
माहेरचं आडनाव कळलं तसं मी खुर्ची पुसून दिली,
टेप लावली.
अंधारापर्यंत ती चूप होती.
मग नेमकी त्या सुरावर फिसकन हसली.
"हे तं डाव्या पायडलची केबल ढिली हाये.
बाबा रोज शिव्या देत तिले.
आई म्हणे, दहा रुपयाची केबल, बदलून टाका.
नाई बदलली."

चार्जरचे पैसे दिले. दारापर्यंत गेली.
"ते कर्र कर्र पुन्हा लावता का जी?
त्यावरच झोप लागे आमाले."

लावलं.
तिची बस गेली. नंतरचीही गेली.

रात्री रिवाइंड करताना ध्यानात आलं,
टेपरेकॉर्डरचा पट्टा ताणला गेलाय,
सूर आता आणखी एक केस खाली आलाय.
नवा पट्टा आहे दुकानात.
समोरच्याच डब्यात आहे.